लेबलवरचं नाव

मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत भांडण झालं. भांडण म्हणजे आवाज चढले, चहा गार झाला आणि एकजण आपली रेकॉर्ड न वाजवताच घरी गेले. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं.

आम्ही पाच-सहाजण महिन्यातल्या एका रविवारी जमतो. पुण्यात, कॅम्पातल्या एका गोवेकर अंकलच्या घरी. प्रत्येकानं एक जॅझची जुनी रेकॉर्ड आणायची, वाजवायची, तिच्याबद्दल ठाऊक असेल ते सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. चुका काढण्यात खरी मजा असते. हा ड्रमर तो नव्हेच, ही पहिली आवृत्ती नव्हे, हे कव्हर दुसऱ्या छपाईचं आहे. यावर माणसं तासन् तास बोलतात. बाहेरच्याला वाटेल, वेड लागलंय यांना. ते खरंही आहे.

त्या दिवशी मी अहमद जमालची एलपी नेली होती. १९५८ च्या जानेवारीत शिकागोतल्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेली, आर्गो कंपनीची. ती तशी दुर्मीळ नाही. त्या काळी शंभराहून जास्त आठवडे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत होती. पण माझी प्रत जुनी आहे आणि मला ती जीव की प्राण आहे. जमाल पियानोवर जेवढे सूर वाजवतो त्याहून जास्त सोडून देतो. त्या रिकाम्या जागांतच ऐकण्यासारखं खूप असतं.

पहिली बाजू संपली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत मोठा संग्रह असलेले काका म्हणाले, "वाजवतो सुरेख, प्रश्नच नाही. पण हा मूळचा फ्रेडरिक जोन्स. तेव्हा काळ्यांना हॉटेलात घेत नसत, म्हणून ही मंडळी मुसलमान नावं लावायची. सोय होती ती. नाहीतर कोण कशाला नाव बदलेल?"

आणि मग माझ्याकडे बघून, "तुझ्याबद्दल नाही हं बोलत मी."

हे शेवटचं वाक्य आमच्यासारख्यांच्या चांगल्याच ओळखीचं आहे. मी उत्तर दिलं, जरा जास्तच तिखट दिलं, आणि पुढचं सगळं झालं. हा लेख काकांच्या तक्रारीसाठी नाही. सुई कशी बदलायची, लाखेची रेकॉर्ड कशी धुवायची, हे मला त्यांनीच शिकवलं. पण त्या वादामुळे एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. जुन्या रेकॉर्ड जमवण्याचा छंद हा मुळात नावांचा शोध आहे. ज्याला हे उमगलं नाही, त्याच्या घरात हजार रेकॉर्ड असल्या तरी त्याला मी फार तर गोदामवाला म्हणेन.

मी या नादाला लागलो तो जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात मी दादांच्या ग्रामोफोनसाठी कव्वालीच्या रेकॉर्ड शोधत होतो. भंगारवाल्या चाचांनी गठ्ठाच उचलायला लावला. "एकेक निवडत बसू नको बेटा, सगळा ने." त्या गठ्ठ्यात पाकीट नसलेली, कडेला टवका गेलेली लुई आर्मस्ट्राँगची एक तबकडी निघाली. लेबलवर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही भारतात, दमदमला बनली. घरी येऊन लावली. अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा कोण रे घसा बसलेला?" घसा बसलेला तो माणूस आमच्या घरी राहिला तो कायमचाच.

वाचकांपैकी अनेकांना माहीत नसेल की त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा आणि आपला संबंध फार जवळचा आहे. त्या बनत दगडाची पूड, काजळी आणि लाख यांच्या मिश्रणातून. लाख जायची प्रामुख्यानं भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलातल्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या माणसाचा कॉर्नेट जगभर पोचला तो आपल्या आदिवासींनी गोळा केलेल्या लाखेवर कोरला जाऊन. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले तेव्हा अमेरिकन सरकारनं १९४२ मध्ये लाखेच्या नागरी वापरावर सत्तर टक्के कपात लादली. जुन्या रेकॉर्ड परत द्या, त्या वितळवून नव्या करू, अशी पाळी आली. आज ज्या तबकड्यांसाठी लोक हजारो डॉलर मोजतात, त्यांच्या किती भावंडांचं असं पाणी झालं असेल कोण जाणे.

आणखी एक गंमत. लाखेच्या रेकॉर्डला दारू चालत नाही. स्पिरिटनं पुसली तर लाख विरघळते, सूर पुसले जातात. अंकल म्हणतात, "माझ्या घरात तुझ्याएवढे पक्के हे एवढेच."

तर मुद्दा नावांचा. १९२३ च्या एप्रिलमध्ये जो 'किंग' ऑलिव्हर आपला क्रिओल जॅझ बँड घेऊन इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेला. तिथे जेनेट नावाची रेकॉर्ड कंपनी होती, एका पियानो कारखान्याची शाखा. स्टुडिओ रेल्वेरुळांना इतका लागून की गाडी आली की वाजवणं थांबवावं लागे. मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. त्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवायला एक बावीस-एक वर्षांचा पोरगा होता. त्याचं नाव लुई आर्मस्ट्राँग. पण तबकडीच्या लेबलवर नाव फक्त बँडचं. लिल हार्डिन या मुलीनं पियानो वाजवला, तिचंही नाव नाही. डॉड्स बंधूंचंही नाही.

मग ही नावं आपल्याला कळली कशी? रेकॉर्ड जमवणाऱ्यांमुळे. त्यांनी एकेक तबकडी शंभरदा ऐकली, एकमेकांशी भांडले, म्हाताऱ्या वादकांची दारं ठोठावली, 'त्या दिवशी कोण कोण होतं?' म्हणून विचारलं. पॅरिसमध्ये शार्ल दलोने यानं १९३६ साली अशा नोंदींचं एक जाड पुस्तकच काढलं. तबकडीचा क्रमांक, तारीख, गाव, वादकांची नावं. कंपन्यांनी जे लेबलवर छापलं नाही ते या वेड्यांनी वह्यांत उतरवलं. आमची रविवारची बैठक म्हणजे त्याच वह्यांची एक लांबची, गरीब नात्यातली शाखा.

पण या छंदाची दुसरी बाजूही बघा. ज्या गावात ऑलिव्हरच्या बँडनं वाजवलं ते इंडियाना राज्य तेव्हा कू क्लक्स क्लॅनचा बालेकिल्ला होतं. त्याच जेनेट कंपनीनं पैसे घेऊन क्लॅनच्या प्रचाराच्या रेकॉर्डही छापून दिल्या. यंत्र तेच, लाख तीच. ऑलिव्हरची तेव्हाची एक तबकडी अशी आहे की तिची आजवर एकच प्रत सापडली आहे असं संग्राहक मानतात. तिची किंमत काय होईल याच्या गप्पा ते डोळे विस्फारून मारतात. ऑलिव्हरचं काय झालं याच्या गप्पा कमी होतात. त्याचे दात गेले, हिरड्या गेल्या, वाजवणं सुटलं. जॉर्जिया राज्यात सव्हाना गावी एका बिलियर्डच्या अड्ड्यावर तो झाडलोट करायचा. १९३८ मध्ये तसाच गेला. ज्याच्या तबकडीसाठी आज माणसं जमीन विकतील, त्याच्या दातांसाठी कोणी चार पैसे दिले नाहीत.

दातांवरून दुसरी गोष्ट आठवते, आणि ती या छंदाच्या बाजूनं साक्ष देते. त्याच काळात काही संग्राहक न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या संगीताचं पुस्तक लिहीत होते. आर्मस्ट्राँग वगैरेंकडून त्यांना बंक जॉन्सन या जुन्या ट्रम्पेटवाल्याचं नाव कळलं. त्याची एकही रेकॉर्ड नव्हती, नुसतं नाव. पत्रं पाठवून त्यांनी त्याला लुइझियानातल्या न्यू आयबेरिया गावी शोधून काढलं. म्हाताऱ्यानं कळवलं की तोंडात दात नाहीत आणि हातात ट्रम्पेट नाही, दोन्ही मिळालं तर अजून वाजवू शकतो. संग्राहकांनी वर्गणी काढली. सिडनी बेशे या थोर वादकाचा भाऊ दंतवैद्य होता, त्यानं कवळी केली. १९४२ मध्ये बंकची पहिली रेकॉर्ड निघाली.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण पुढे याच प्रेमळ मंडळींनी बंकनं काय वाजवावं हेही ठरवायला घेतलं. त्यांना जुनं, 'अस्सल' न्यू ऑर्लिन्स हवं होतं. बंकला त्या काळची ताजी, लोकप्रिय गाणीही वाजवायची हौस होती. १९४७ मध्ये, अखेरच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी, त्यानं आपल्या मनासारखी गाणी आणि आपल्या मनासारखे वादक निवडले. संग्राहकाचा रोग तो हाच. माणूस सापडला की त्याला सोडवत नाही. आपल्या मनातल्या चौकटीत तो बसायला हवा. बसला नाही तर आपण म्हणतो, हा खरा नव्हेच.

आता घराजवळ या. मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबी हा काळा बँडमास्टर ताजमहाल हॉटेलात आला आणि इथल्या गोवेकर वादकांना हे संगीत जवळून ऐकायला मिळालं. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकानं तो काळ नीट उभा केला आहे. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा. लोकांनी त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हटलं. तो स्वतःला 'चिक चॉकलेट' म्हणवायचा. दिवसा तो आणि त्याच्यासारखे कितीतरी जण चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवत. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे अण्णा चितळकर, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त चिकचा बँड पडद्यावरही दिसतो.

'अलबेला'ची तबकडी उलटसुलट करून बघा. गायकाचं नाव आहे, संगीतकाराचं आहे, चित्रपटाचं आहे. ट्रम्पेट कोणाचा? लेबल मुकं आहे. अँथनी गोन्साल्विस या मजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकानं प्यारेलाल यांना शिकवलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात शिष्यानं गुरूचं नाव घातलं, तेव्हा ते देशाच्या तोंडी झालं. पण त्या नावाचा हाडामांसाचा माणूस होता हे गाणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना ठाऊक होतं? अंकल अशा कितीतरी जणांना ओळखत होते. ते एखादी हिंदी तबकडी लावतात, डोळे मिटतात आणि नावं सांगतात. मी ती पाकिटावर पेन्सिलनं लिहितो. अंकल आता ऐंशीच्या पुढे आहेत. पेन्सिल थांबवून चालणार नाही.

आता पुन्हा त्या भांडणाकडे. काका म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. डिझी गिलेस्पीनं आपल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे की चाळिशीच्या दशकात काही वादकांना असं दिसलं की मुसलमान झाल्यावर आपण 'काळे' राहत नाही. ओळखपत्रावर वंशाच्या रकान्यात वेगळं अक्षर येतं, हॉटेलवाला दार उघडतो. म्हणजे सोय होती. पण एवढंच होतं का? १९२० मध्ये हिंदुस्थानातून अहमदिया जमातीचे मुफ्ती मुहम्मद सादिक अमेरिकेत गेले. पुढे शिकागोत त्यांचं केंद्र झालं आणि काळ्या वस्त्यांत त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. युसेफ लतीफ, साहिब शिहाब, आर्ट ब्लेकी असे कितीतरी वादक या वाटेनं इस्लामकडे आले. ब्लेकी अब्दुल्ला इब्न बुहैना झाला. रेकॉर्डवर नाव आर्ट ब्लेकीच राहिलं, मित्र मात्र 'बू' म्हणत. साहिब शिहाबनं लेबलवर नवंच नाव लावलं. लतीफनं तर नावापुढे जाऊन 'जॅझ' हा शब्दच नाकारला. हे नाव आम्ही दिलेलं नाही, आमच्या संगीताचा त्यानं अपमान होतो, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. सगळ्यांना एकाच मापानं मोजाल कसं?

आणि जमाल? त्यानं साठीच्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत स्वतःचं रेस्तराँ कम क्लब काढलं. नाव 'अलहम्ब्रा'. तिथे दारू मिळत नव्हती. जॅझ क्लब चालतो दारूच्या गल्ल्यावर, हे कोणालाही कळतं. त्याचा क्लब फार दिवस चालला नाही. सोयीसाठी नाव बदललेला माणूस असला आतबट्ट्याचा धंदा करेल का, एवढंच मी काकांना विचारलं. आवाज चढवायला नको होता, हे मान्य.

पण समजा, सोयीसाठीच बदललं असतं. तर लाज कोणाला वाटायला हवी? नाव बदलणाऱ्याला, की नाव बघून दार लावणाऱ्या हॉटेलवाल्याला? पुण्यात भाड्यानं घर शोधताना माझं नाव ऐकल्यावर 'अहो, कालच गेली ती जागा' हे मी किती वेळा ऐकलं याची मोजदाद सोडून दिली आहे. म्हणून एक कबुली देतो. माझं घरगुती नाव दोन्हीकडे खपणारं आहे. पेठेतल्या एका वाड्यात रेकॉर्डचा मोठा संग्रह विकायचा आहे असं कळलं तेव्हा मी फोनवर तेच नाव सांगितलं. गेलो, आजींनी चहा दिला, रेकॉर्ड बघितल्या, व्यवहार ठरला. मोबाइलवरून पैसे पाठवले. त्यांच्या मुलाच्या फोनवर माझं पूर्ण नाव झळकलं. "हे कोणाच्या खात्यातून आले?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "माझ्याच." तो क्षणभर थांबला, मग खोका उचलून गाडीपर्यंत आणून दिला. त्याच्या मनात काही नव्हतं. भीती माझ्याच मनात होती. पण ती काही मी जन्मतः घेऊन आलो नव्हतो. म्हणून सोयीचं नाव घेणाऱ्याला हसणं मला जमत नाही.

आणि हे फक्त काकांनाच सुनावून मी मोकळा होणार नाही. आमच्या एका नात्यातल्या चाचांना मी मोठ्या हौसेनं ही कव्हरं दाखवली. मला वाटलं, अमेरिकेत एवढे मोठे कलावंत मुसलमान होते हे बघून खूश होतील. ते म्हणाले, एक तर गाणंबजावणं, त्यात ते अहमदिया. त्यांना मुसलमान कोण म्हणतं? अहमदियांबद्दलचे वाद वाचकांना माहीत आहेत, त्यात मी शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच. एकजण म्हणतो हा सोयीचा मुसलमान, दुसरा म्हणतो हा मुसलमानच नाही. दोघांनाही तो पियानो ऐकायचा नव्हता. दोघांनाही त्याचं नाव तपासायचं होतं.

ज्याचं नाव लेबलवर नाही त्याचं नाव शोधून लिहावं. ज्यानं आपलं नाव स्वतः निवडलं त्याला त्याच नावानं हाक मारावी. रेकॉर्ड जमवणाऱ्याला एवढा अदब पुरे. पहिली छपाई, कव्हरचा कागद, लिलावातला भाव हे सगळं त्यानंतर. मी ते करत नाही असं नाही, मीही भिंगातून लेबलं बघणाराच आहे. पण माझ्यामागे माझ्या मुलांनी हा ढीग विकायला काढला, तर पाकिटांवरची पेन्सिलची अक्षरं वाचून मग विकावा, एवढंच त्यांना सांगून ठेवलं आहे.

परवा रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं, माफी कोण मागणार यावर आता पुन्हा जुंपणार. ते म्हणाले, "ती तुझी जमालची एलपी आहे ना, माझ्याकडेही आहे. काल तीनदा लावली. आपण त्याच्या नावावरून एवढे भांडलो, पण बेस कोण वाजवतोय ते कोणी बोललंच नाही."

खरंच बोललो नव्हतो. बेस इस्राएल क्रॉस्बीचा, ड्रम व्हर्नेल फूर्निएचे. क्रॉस्बी पुढे चार-साडेचार वर्षांतच गेला, ऐन चाळिशीत. त्या सबंध रेकॉर्डखाली जी जमीन आहे ती त्याची आहे.

"पुढच्या रविवारी तीच आण," काका म्हणाले. "यावेळी बेस ऐकू."